पोटाची कहाणी : हकिमांच्या ग्रंथापासून मीठ-साखरेच्या पाण्यापर्यंत



ज्याचे पाय गरम, पोट नरम आणि डोके थंड, त्याला हकिमाचा उंबरठा झिजवावा लागत नाही, असे आपल्या घरांतील वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. डोके दुखले तरी आजी आधी विचारते, "पोट साफ आहे ना?" आपण हसतो. पण आजीच्या या प्रश्नामागे हजार वर्षांचा इतिहास उभा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? खाल्लेल्या घासाचे रक्त, मांस आणि बळ कसे होते, हे माणसाला सहजासहजी कळलेले नाही. कोणी त्यासाठी ग्रंथ चाळले, कोणी हाडांच्या राशी तपासल्या, तर एका गरीब मजुराला आपले उघडे पोट दुसऱ्याला दाखवावे लागले. ही कहाणी आज आपण थोडक्यात पाहू. तिच्या शेवटी प्रत्येक आईवडिलांच्या आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या उपयोगाची एक गोष्ट आहे.

इब्न सीना आणि चार पचने

अबू अली इब्न सीना यांचा जन्म इ. स. ९८० मध्ये बुखाऱ्याजवळ झाला. त्यांचा ‘अल्-कानून फित्-तिब्ब’ हा पाच खंडांचा ग्रंथ अकराव्या शतकाच्या पहिल्या चरणात पूर्ण झाला. बाराव्या शतकात स्पेनमधील तोलेदो शहरी त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि पुढे कित्येक शतके युरोपच्या विद्यापीठांतून तो पाठ्यग्रंथ म्हणून शिकविला गेला.

बुकरात आणि जालिनूस या ग्रीक वैद्यांपासून चालत आलेली आणि अरबी हकिमांनी पुढे नेलेली शिकवण अशी की, अन्न एकदाच पचत नाही, चार ठिकाणी पचते. पहिले पचन जठरात, आणि त्याची सुरुवात तोंडात चावण्यापासूनच. दुसरे यकृतात, तिसरे रक्तवाहिन्यांत आणि चौथे प्रत्येक अवयवात. पहिले पचन बिघडले की पुढची तिन्ही बिघडणार. जेवण घाईत चावले तर त्याची शिक्षा हातापायांनाही भोगावी लागते, असा याचा सरळ अर्थ. म्हणूनच युनानी वैद्यकात आरोग्यासाठी आवश्यक म्हणून जी सहा कारणे सांगितली, त्यांत हवा, अन्नपाणी, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण आणि मलमूत्राचे धारण व उत्सर्जन या सर्वांचा विचार एकत्र केला आहे.

यातील काही भाग काळाच्या कसोटीला उतरला, काही उतरला नाही. आतड्यांतील अन्नरस शिरांवाटे यकृताकडे जातो, हे बहुतांशी खरे ठरले. मात्र यकृतात रक्त तयार होते ही समजूत चुकीची निघाली, कारण मोठ्या माणसाच्या शरीरात रक्तपेशी हाडांतील मज्जेत तयार होतात. पण पोटाचा संबंध साऱ्या देहाशी आहे, हा मूळ विचार आजही खोटा ठरलेला नाही.

या थोर हकिमांच्या अंताची हकीकत मात्र विचार करायला लावणारी आहे. त्यांना पोटशूळाचा विकार जडला होता. दगदग आणि प्रवास चालूच होते. त्यांनी स्वतःवर उपचार केले, परंतु पथ्य मात्र नीट पाळले नाही, असे त्यांच्याच शिष्याने लिहून ठेवले आहे. १०३७ साली हमदान येथे त्यांचे निधन झाले. पोटाविषयी एवढे जाणणारा पुरुष पोटाच्याच दुखण्याने गेला! ज्ञान असणे वेगळे आणि ते आचरणात आणणे वेगळे, हा धडा यातून घ्यावयाचा.

एका जबड्याची साक्ष

यानंतर सुमारे एकशे साठ वर्षांनी इजिप्तमध्ये नाईल नदीला पुरेसे पाणी आले नाही. १२०० ते १२०२ या काळात तेथे भयंकर दुष्काळ पडला आणि माणसे अन्नावाचून तडफडून मेली. त्या वेळी बगदादचे विद्वान वैद्य अब्दुल लतीफ अल्-बगदादी कैरो येथे होते. शहराजवळ मानवी हाडांची मोठी रास पडली आहे असे कळल्यावर ते ती पाहावयास गेले.

जालिनूस यांनी लिहून ठेवले होते की, माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा मिळून झाला आहे. हजार वर्षे सर्व जण हेच शिकत आणि शिकवीत आले होते. अब्दुल लतीफ यांनी दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्या. इतरांनाही पाहावयास लावले. एकाही जबड्यात त्यांना सांधा आढळला नाही. तेव्हा त्यांनी निर्भयपणे लिहिले की, जालिनूस कितीही थोर असले तरी डोळ्यांची साक्ष त्यांच्या शब्दाहून अधिक विश्वासाची आहे.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. ज्या जबड्याने आपण घास चावतो, तो रोज प्रत्येकाच्या तोंडात हलत होता. तरीही तो एकसंध आहे हे सांगावयास हजार वर्षे लागली. अब्दुल लतीफ यांनी गुरूंचा अपमान केला नाही. गुरूंनी जेथे सोडले तेथून ते एक पाऊल पुढे गेले, एवढेच. शिक्षण म्हणतात ते यालाच.

पोटाला पडलेली खिडकी

जबडा निदान हाडांच्या राशीत सापडत होता. जिवंत माणसाचे जठर कसे पाहणार? अन्न तेथे नुसते भरडले जाते, की कुजते, की एखाद्या रसाने विरघळते, यावर विद्वानांत शतकानुशतके वाद होता. अठराव्या शतकात इटलीच्या स्पालांझानी यांनी कापडाच्या लहान पिशव्यांत अन्न भरून त्या स्वतः गिळल्या आणि अन्न विरघळविणारा रस जठरात असतो हे दाखविले. तरी प्रत्यक्ष पाहणे राहूनच गेले होते.

ती संधी एका अपघाताने आली. ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर एका दुकानात अचानक बंदूक उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या कॅनडातील तरुण मजुराच्या डाव्या कुशीत छर्रे घुसले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांना तो वाचेल असे वाटले नव्हते. तो वाचला, परंतु जखम पूर्ण बुजली नाही. जठरात उघडणारे एक छिद्र कायमचे राहिले.

१८२५ पासून बोमाँट यांनी त्या छिद्रातून रेशमी दोऱ्याला बांधून मांस, पाव, कोबी असे पदार्थ आत सोडले आणि ठराविक वेळाने बाहेर काढून पाहिले. पाव आणि कोबी लवकर विरघळू लागत, मांसाला अधिक वेळ लागे. जठरातील रस काढून काचेच्या कुपीत शरीराइतका उबदार ठेवला, तर मांस तेथेही विरघळे. माणूस संतापला म्हणजे पचनात बिघाड होतो, हेही त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. १८३३ मध्ये या प्रयोगांचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. जेवताना भांडू नये, ताटावर बसून मुलाला रागावू नये, असे आपल्याकडे सांगतात ते उगीच नव्हे!

पण या कथेला दुसरी बाजूही आहे. सेंट मार्टिन गरीब होता, निरक्षर होता. पोटासाठी त्याला आपले पोट उघडे ठेवावे लागले. तो कंटाळून अनेकदा निघून जाई. १८८० मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांनी त्याचे शरीर कापू नये म्हणून कुटुंबीयांनी त्याला मुद्दाम खोल पुरले. विज्ञानाच्या प्रगतीत अशा अनाम किंवा अर्धवट विसरलेल्या माणसांचा वाटा असतो. शिकलेल्यांनी त्यांचे ऋण विसरू नये.

आतड्याचा चमत्कार

जठर म्हणजे पचनाची सुरुवात. अन्नाचा खरा स्वीकार होतो तो पुढे, सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात. त्याच्या आतल्या भिंतीवर मखमलीसारखे असंख्य बारीक अंकुर असतात. ही सारी घडी उलगडली तर तिचे क्षेत्रफळ सुमारे अर्ध्या बॅडमिंटनच्या मैदानाएवढे भरेल, असे अलीकडील मोजमाप सांगते. पिठूळ पदार्थांची साखर होऊन, डाळ-मांसातील प्रथिनांचे बारीक घटक होऊन, ते येथूनच रक्तात जातात. मेंदूला लागणारी साखर, स्नायूंना लागणारी प्रथिने, रक्ताला लागणारे लोह या सर्वांचा दरवाजा एकच. हा दरवाजा बंद पडला तर ताटात पक्वान्ने असूनही शरीर उपाशीच राहते.

पटकीच्या साथीत तर वेगळेच संकट ओढवे. जुलाबावाटे पाणी आणि क्षार इतक्या वेगाने निघून जात की, सकाळी हिंडणारा माणूस संध्याकाळपर्यंत दगावे. शिरेतून सलाईन देणे हा उपाय माहीत होता, पण सलाईन, सुया आणि शिकलेली माणसे गावोगाव आणावयाची कोठून?

उत्तर आतड्यातच होते. मीठ आणि साखर बरोबर असली म्हणजे आतड्याची भिंत दोन्ही एकत्र उचलते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत ओढले जाते, हे १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडले. पटकीने आजारी आतड्यातही हा मार्ग चालू राहतो. १९६८ मध्ये ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉक्टरांनी रुग्णांना असे पाणी तोंडाने पाजून त्याचा उपयोग सिद्ध केला.

खरी कसोटी लागली १९७१ मध्ये. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि छावण्यांत पटकी पसरली. सीमेजवळच्या बनगाव येथे डॉ. दिलीप महालनोबिस यांच्याजवळचे सलाईन संपत आले. तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून घेतल्या, पिंपांत पाणी कालविले आणि रुग्णांच्या आप्तांनाच कपाने पाजावयास सांगितले. पूर्वी शंभरांतील तीसएक रुग्ण दगावत होते. ते प्रमाण चारांच्याही खाली आले! डॉ. महालनोबिस २०२२ मध्ये वारले. २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

शिक्षकाची परीक्षा

औषध सापडले, पण ते आईच्या हाती जाणार कसे? १९८० ते १९९० या दशकात बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेच्या स्त्रिया घरोघर हिंडल्या. तीन बोटांची एक चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढेच त्यांनी शिकविले. सुमारे १ कोटी २० लाख घरांतून हा पाठ पोहोचला. काही दिवसांनी दुसरी व्यक्ती जाऊन आईला काय आठवते हे तपाशी, आणि आईला जितके आठवे तितके शिकविणारीला वेतन मिळे. म्हणजे परीक्षा शिकणाऱ्याची नव्हे, शिकविणाऱ्याची! जेथे शाळा चालतात त्या प्रत्येक संस्थेने ही गोष्ट मनात जपून ठेवावी.

आपल्या घरी काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे आजही दरवर्षी पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुले जुलाबाने दगावतात. म्हणून पालकांनो, एवढे अवश्य लक्षात ठेवा. जुलाब लागताच ओ. आर. एस.ची पुडी त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात कालवून घोट घोट पाजा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचाच घ्यावा, आणि मीठ कधीही जास्त होऊ देऊ नये. अंगावरचे दूध तोडू नका, पेज-भात, खिचडी असे हलके अन्न चालू ठेवा. मुलाचे डोळे खोल गेले, ते मलूल झाले, पाणी पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर एक क्षणही न दवडता डॉक्टरांकडे न्या. हात साबणाने धुणे आणि पिण्याचे पाणी झाकून ठेवणे हे तर रोजचेच.

आणि विद्यार्थी मित्रांनो, सकाळी उपाशीपोटी वर्गात येऊन बसू नका. भाकरी असो, पोहे असोत, सावकाश चावून, शांत मनाने खा. तुमची बुद्धी तुमच्या आतड्याच्या दारातूनच आपला खुराक घेते.

इब्न सीना यांनी पोटाला साऱ्या देहाशी जोडले, अब्दुल लतीफ यांनी डोळे उघडून पाहावयास शिकविले आणि बनगावच्या छावणीत तेच ज्ञान एका कपात मावले. बुखाऱ्यापासून बनगावपर्यंतचा हा हजार वर्षांचा प्रवास आज आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीपाशी येऊन थांबला आहे. शाळेत शिकणाऱ्या मुलीने आज संध्याकाळी आपल्या आईला, शेजारच्या काकूंना हे पाणी करून दाखवावे. चार दिवसांनी पुन्हा विचारावे, "काकू, मीठ किती घालायचे?" त्यांनी बरोबर सांगितले, तर ती मुलगी परीक्षेत उत्तीर्ण झाली असे समजावे.