शुभवर्तमान

शुभवर्तमान ही ख्रिस्ती धर्मातील मध्यवर्ती संज्ञा असून तिचा शब्दशः अर्थ 'चांगली बातमी' असा होतो. याच अर्थी मराठीत 'सुवार्ता' हा शब्दही रूढ आहे. मत्तय, मार्क, लूक व योहान यांच्या नावे असलेल्या नव्या करारातील चार ग्रंथांनाही शुभवर्तमान म्हणतात. त्यामुळे ग्रंथ आणि त्यातील संदेश यांची पुष्कळदा गल्लत होते.

आशय

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात या संदेशाचा सर्वांत जुना सारांश आढळतो : येशू ख्रिस्त मानवाच्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरण्यात आले व तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला. म्हणजे शुभवर्तमान हा मुळात आचारनियमांचा संग्रह नसून घडलेल्या गोष्टीची वार्ता आहे. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाशी तुटलेले नाते मनुष्य स्वतःच्या पुण्याईने जोडू शकत नाही. ते देव कृपेने जोडतो आणि मनुष्य विश्वासाने स्वीकारतो. सत्कर्म हे त्या स्वीकाराचे फळ मानले जाते, मोल नव्हे.

लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला हे याचे सर्वांत सुबोध स्पष्टीकरण होय. वाट्याची मालमत्ता उडवून परतणारा मुलगा बापाकडे मजूर म्हणून राहण्याची विनंती करण्याचे ठरवतो. वऱ्हाडी शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर, सालदार म्हणून. बाप मात्र त्याचे बोलणे पुरे होण्याआधीच त्याला पुत्राचा मान परत देतो. घरी राबलेल्या थोरल्या भावाचा राग हा दाखल्याचा उत्तरार्ध असून कृपेची कल्पना पचण्यास किती अवघड आहे, हे त्यातूनच कळते.

मराठी परिभाषा

हा आशय मराठीत मांडताना शब्दांची निवड कळीची ठरली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराणा'त (१६१६) 'वैकुंठ' यांसारखे परिचित शब्द योजले. पुढे 'मोक्ष' या शब्दाऐवजी 'तारण' हा शब्द स्थिरावला, कारण मोक्षात जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका अभिप्रेत आहे, तर येथे पापापासून सुटका. परंतु व्यवहारात 'तारण' म्हणजे कर्जापोटी ठेवलेला जिन्नस किंवा जमीन. नवख्या श्रोत्याला हा शब्द प्रथम सावकाराचीच आठवण देतो.

मत्तयाचे मराठी शुभवर्तमान १८०५ मध्ये विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूर (बंगाल) येथील मिशनने प्रसिद्ध केले. पंडिता रमाबाई यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात निघाले. अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी साधी मराठी हा त्यांचा आग्रह होता आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनीच त्याच्या छपाईचे काम केले.

बुलढाणा जिल्हा

तत्कालीन वऱ्हाडचा भाग असलेल्या या जिल्ह्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेने अकोल्याच्या पाठोपाठ खामगाव, बुलढाणा व मलकापूर येथे केंद्रे उघडली. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ मुलांचा सांभाळ हे वऱ्हाडातील मिशन-कार्याचे मोठे अंग बनले. त्यामुळे येथे शुभवर्तमान उपदेशाइतकेच अन्न व निवारा यांच्या रूपाने लोकांसमोर आले. भुकेच्या काळात झालेले धर्मांतर कितपत स्वेच्छेचे मानावे, हा वाद तेव्हापासूनचा आहे.