ओळंब्याने घातलेले गणित

पदव्युत्तर प्रवेशासाठी 'गेट' किंवा 'जॅम' या परीक्षांना भूविज्ञान घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सरावाच्या वहीत एक उदाहरण हमखास आढळते. पठाराची उंची, कवचाची घनता आणि त्याखालच्या प्रावरणाची घनता दिलेली असते. पठाराखाली कवचाचे 'मूळ' किती खोल गेले असेल ते काढायचे असते. सूत्र पाठ असेल तर उत्तर अर्ध्या मिनिटात येते. पण त्याच प्रश्नात पठाराऐवजी समुद्र आला की तेच विद्यार्थी अडतात, कारण सूत्र कोठून आले हे त्यांना ठाऊक नसते. वास्तविक या उदाहरणाचा उगम आपल्याच देशात, एका न जुळलेल्या हिशेबात आहे. तो इतिहास वर्गात सांगितला तर सूत्र पाठ करण्याची गरज फारशी उरत नाही, असे आम्हांला वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या देखरेखीखाली भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण चालू होते. मध्य भारतात सिरोंजजवळ असलेले कलियानपूर आणि उत्तरेकडील मैदानातले कलियाना या दोन ठाण्यांमध्ये सुमारे ६०० किलोमीटरचे अंतर. त्यांच्या अक्षांशांतील फरक दोन रीतींनी काढण्यात आला. जमिनीवर त्रिकोणांची साखळी मोजून तो ५ अंश २३ कला ४२.२९४ विकला आला. ताऱ्यांच्या वेधांवरून मात्र ५ अंश २३ कला ३७.०५८ विकला आला. तफावत ५.२३६ विकलांची, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरची. इतक्या काटेकोर मोजणीत ही चूक लहान नव्हे. एव्हरेस्ट यांनी ती मोजणीतील त्रुटी मानली.

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट हे धर्मोपदेशक असले, तरी केंब्रिजमध्ये गणित शिकलेले होते. त्यांना निराळी शंका आली. ताऱ्याची उंची मोजताना 'सरळ खाली' ही दिशा ओळंब्याने ठरते. गवंड्याचा ओळंबा भिंतीला साधतो तो पृथ्वीच्या ओढीमुळे. पण शेजारी हिमालयाएवढे वस्तुमान असेल तर तेही ओळंब्याला आपल्याकडे ओढणारच. कलियाना हिमालयाला जवळ, म्हणून तेथे ही ओढ जास्त. प्रॅट यांनी पर्वतांच्या वस्तुमानाचा अंदाज करून गणित मांडले. ओळंबा कलियाना येथे २७.८५३ विकला, तर कलियानपूर येथे ११.९६८ विकला कलायला हवा होता. दोहोंतील फरक १५.८८५ विकला. प्रत्यक्षात हवे होते ५.२३६! कारण सापडले, पण ते गरजेपेक्षा तिप्पट मोठे निघाले. हिमालय दिसतो तेवढ्या जोराने ओढत नव्हता.

प्रॅट यांचा हा निबंध १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ग्रिनिचचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी त्यावर उत्तर दिले. एवढे मोठे पठार नुसत्या कवचाच्या मजबुतीवर उभे राहूच शकणार नाही, ते खालच्या जड द्रव्यावर तरंगत असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पाण्यावरच्या तराफ्यात जो ओंडका इतरांहून वर डोकावतो, तो इतरांहून खोलही गेलेला असतो. पर्वताखाली हलक्या खडकाचे मूळ जड द्रव्यात शिरलेले असल्याने खाली वस्तुमानाची तूट पडते, आणि वरच्या पर्वताची ओढ बरीचशी फिटते. या तोलाला 'आयसोस्टसी' म्हणजे समस्थायित्व हे नाव अमेरिकन भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन यांनी पुढे दिले.

आता सरावाचे उदाहरण घेऊ. पठाराची उंची ५ किमी, कवचाची घनता २.८ आणि प्रावरणाची ३.३ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. वरचा जादा भार ५ गुणिले २.८, म्हणजे १४. मूळ एक किलोमीटर खाली गेले की ३.३ च्या जागी २.८ येते आणि ०.५ ची तूट पडते. १४ फेडायला २८ किमी लागतील. मैदानाखालचे कवच ३५ किमी धरल्यास पठाराखाली एकूण जाडी ३५, ५ आणि २८ मिळून ६८ किमी. येथे सूत्र लागले नाही, फक्त जमाखर्च लागला. समुद्र आला तर खडकाच्या जागी पाणी आल्याने किती तूट झाली, एवढेच पाहायचे. आणखी एक गंमत पाहा. कवचाची घनता २.८ ऐवजी २.७ घेतली, तर मूळ २८ वरून एकदम २२.५ किमीवर येते. दिलेल्या आकड्यात थोडा बदल झाला तर उत्तर किती हलते, हे पाहण्याची सवय परीक्षेनंतर संशोधनातही उपयोगी पडते.

गोष्ट येथे संपत नाही. १८५९ साली प्रॅट यांनी दुसरा पर्याय मांडला: मुळे नाहीतच, उंच भागाखालचा खडकच कमी घनतेचा आहे. १०० किमी खोलीच्या स्तंभाची सरासरी घनता मैदानाखाली ३.१ असेल, तर पठाराखालच्या १०५ किमी स्तंभाची सुमारे २.९५ पुरे. हिशेब याही रीतीने जुळतो! ओळंबा या दोहोंत निवाडा करू शकत नव्हता. त्यासाठी भूकंपलहरींची वाट पाहावी लागली. १९०९ साली क्रोएशियातील एका भूकंपाच्या नोंदींवरून आंद्रिया मोहोरोविचिच यांना कवचाचा तळ सापडला. पुढे तिबेटखाली कवच साधारण ६५ ते ७५ किमी जाड असल्याचे दिसून आले. हिमालय-तिबेटबाबत एअरी यांची कल्पना वास्तवाच्या जवळ ठरली. महासागरांतील मध्यवर्ती पर्वतरांगांखाली मात्र तापून हलके झालेले द्रव्य असते; तेथे प्रॅट यांचा विचार अधिक लागू पडतो. म्हणून प्रश्नात 'एअरीच्या मताप्रमाणे' की 'प्रॅटच्या मताप्रमाणे', हे शब्द आधी वाचावेत.

शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करावा. एकाच लाकडाच्या, कमीअधिक जाडीच्या रुंद फळ्या घमेल्यातील पाण्यावर सोडाव्यात आणि प्रत्येकीचा वरचा व खालचा भाग पट्टीने मोजून घ्यावा. दोन्हींचे गुणोत्तर सर्व फळ्यांत सारखेच का येते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधले, की मगच सरावाची उदाहरणे द्यावीत. उदाहरणे थोडी कमी सुटली तरी चालतील.