क्षयरोग, पक्ष्यांचा

कोंबड्या, कबुतरे, पाणपक्षी आणि पिंजऱ्यातील शोभेचे पक्षी यांना होणारा, सावकाश वाढणारा व बहुधा जिवावर बेतणारा जंतुजन्य रोग. मुख्य कारण मायकोबॅक्टेरियम एव्हियम हा जंतू. पाळीव शोभेच्या पक्ष्यांत मायकोबॅक्टेरियम जेनाव्हेन्स अधिक आढळतो. माणसाला क्षय करणारा जंतू याच कुळातला असला तरी निराळा आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला तेव्हा माणूस, गाय, कोंबडी या सर्वांचा क्षय एकच मानला जात होता. कोंबडीचा जंतू वेगळा आहे हे १८९० च्या सुमारास स्पष्ट झाले.

हा वेगळेपणा शरीराच्या उष्णतेतही दिसतो. पक्ष्याचे अंग ४१-४२ अंश सेल्सिअस तापलेले असते आणि तेवढ्या उष्णतेत एव्हियम चांगला वाढतो. माणसाच्या क्षयजंतूला ३७ अंश मानवतात. कोंबडीला माणसाचा क्षय सहसा जडत नाही. पोपटांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती पुढे येईल.

रोगी पक्ष्याच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडतात आणि दाण्या-पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात जातात. जंतूच्या अंगावर मेणासारखे जाड आवरण असल्याने तो सहज मरत नाही. विष्ठा मिसळलेल्या मातीत तो चार वर्षांपर्यंत तग धरून राहिल्याच्या नोंदी आहेत. जंतू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत महिनेच्या महिने जातात. म्हणूनच हा म्हाताऱ्या पक्ष्यांचा रोग ठरतो. नाशिक जिल्ह्यातल्या शेडमधला ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसांत विकला जातो. रोगाला मूळ धरायलाही तेवढा अवधी पुरत नाही. अंड्यांवरची कोंबडीही दीड वर्षाच्या आसपास काढून टाकतात. धोका खरा आहे तो पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या पाड्यांसारख्या ठिकाणी, जिथे खुडुक बसणारी चांगली गावठी कोंबडी तीन-चार वर्षे राखली जाते, तेच खुराडे आणि तेच अंगण पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते.

लक्षणे : कोंबडी खाते, पण रोड होत जाते. छातीचे मांस झडून मधले हाड हाताला सुरीच्या पात्यासारखे लागते. तुरा फिका पडतो, पिसे विस्कटतात, हगवण लागते. हाडांच्या मगजात रोग शिरला तर ती एका पायाने लंगडते. गावात अशी कोंबडी मरण्याआधीच कापली जाते. कापणाऱ्याने पोट उघडताच यकृताकडे पाहावे : टाचणीच्या टोकापासून वाटाण्यापर्यंतच्या किंवा त्याहूनही मोठ्या पिवळट-करड्या गाठी यकृतात, प्लीहेत आणि आतड्याच्या बाहेरच्या अंगाला दिसतात. त्या सुरीच्या टोकाने अलगद सुटून येतात. गायीच्या क्षयातल्या गाठीत चुना साचतो व ती कापताना सुरी करकरते. कोंबडीच्या गाठीत असे क्वचितच घडते. जंतू तोंडावाटे गेलेला असल्याने फुप्फुसे पुष्कळदा स्वच्छच असतात. गाठी मरेक रोगात आणि इतर काही विकारांतही होतात. निदानासाठी गाठीचा लेप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. जिवंत कोंबडीत चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीत ट्युबरक्युलिन टोचून ४८ तासांनी सूज पाहतात. कोंबड्यांत उपचार करत नाहीत. कळप काढून टाकून जागा बदलणे हाच व्यवहार्य उपाय मानला जातो.

पाणथळीतले पक्षी दाटीने एकत्र आले की हा रोग त्यांच्यातही पसरू शकतो. इंग्लंडमधील स्लिमब्रिजच्या पाणपक्षी केंद्रात बंदिस्त ठेवलेली आसामातली देवहांस बदके याच रोगाने मोठ्या प्रमाणावर मेली. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील नांदूरमध्यमेश्वर १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात येथेही बदके व चांदवे हजारोंनी उतरून अशीच दाटी करतात. बर्ड फ्लूने नवापूर २००६ मध्ये हादरले तसा गाजावाजा हा रोग करत नाही : पक्षी एकेकटा खंगतो, लव्हाळ्यात पडतो, घार त्याला उचलते. दोन्ही रोगांत पाहणाऱ्याने करायचे एकच : मेलेला पक्षी हाताळू नये, वनखात्याला कळवावे.

माणसाला धोका : थोडा, आणि बहुतेकदा पक्ष्याकडून नव्हे. माणसात सापडणारे एव्हियम गटातले जंतू बहुधा पक्ष्यांतल्या प्रकाराचे नसतात. ते माती आणि पाणी यांतून येतात. नळाच्या पाइपांतल्या बुळबुळीत थरात ते राहतात आणि क्लोरिनला पुरून उरतात. निरोगी माणूस रोज त्यांच्या संपर्कात येऊनही आजारी पडत नाही. जुन्या क्षयाने किंवा दम्याने फुप्फुस खराब झालेले लोक, एचआयव्हीबाधितांपैकी सीडी४ पेशी ५० च्या खाली गेलेले, अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे, यांना मात्र ते गाठतात. लहान मुलांच्या मानेत गंडमाळेसारख्या गाठी येऊ शकतात. हा विकार एका माणसाकडून दुसऱ्याला सहसा लागत नाही.

खरा घोळ निदानात होतो. थुंकीच्या लेपात एव्हियम आणि क्षयाचा जंतू सारखेच लाल दिसतात. गोव्यात तयार होणारी ट्रूनॅट चाचणी किंवा सीबीनॅट फक्त क्षयाच्या जंतूला ओळखते. तेव्हा लेप पॉझिटिव्ह, ट्रूनॅट निगेटिव्ह आणि क्षयाच्या गोळ्यांनी उतार नाही, असा रुग्ण समोर आला तर जंतू वाढवून त्याची जात ठरवायला हवी. आयसोनायझिड व पायराझिनामाइड या नेहमीच्या औषधांचा एव्हियमवर भरवसा धरता येत नाही. ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन आणि एथॅम्ब्युटॉल अशी तीन औषधे, थुंकीतले जंतू वाढणे थांबल्यावर आणखी वर्षभर, द्यावी लागतात. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो.

पोपटाच्या बाबतीत संसर्गाची दिशा उलटते. क्षयी मालकाच्या तोंडून चारा घेणाऱ्या, त्याच्या खांद्यावर बसणाऱ्या पोपटाला माणसाचाच क्षय होतो. चोचीच्या कडेला, डोळ्याभोवती शिंगासारख्या गाठी उठतात. आपल्याकडचा साधा पोपट घरात पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तरी तो अनेक घरांत लटकत्या पिंजऱ्यात दिसतो.

द्राक्षबागेत व कांद्याच्या शेतात कोंबडखत सर्रास पडते. ते ताजे न टाकता ढीग लावून नीट कुजवावे. कुजताना चढणारी उष्णता बऱ्याच जंतूंचा निकाल लावते. कोरडे खत पसरताना तोंडाला फडके बांधावे. धुळीने फुप्फुसाला होणारी इजा हे त्याचे वेगळे कारण आहे. गाठी असलेली कोंबडी शिजवली तर जंतू मरतात, पण ती खाऊ नये. आतडी कुत्र्यांपुढे न टाकता खोल पुरावीत. एकाहून अधिक कोंबड्या अशा निघाल्या, तर पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत नमुना पुण्याच्या पशुरोग अन्वेषण विभागाकडे धाडता येतो.