‘यः क्रियावान् स पण्डितः’ : पुणे विद्यापीठाच्या ब्रीदाचा अर्थ आणि उगम

पिंपरी, भोसरी, चाकण पट्ट्यात कंपनीची पाळी सांभाळून पदवी घेणारी आपली अनेक मुले-मुली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची विद्यार्थी आहेत. 1949 पासून कार्यरत असलेल्या या विद्यापीठाचे ब्रीद आहे ‘यः क्रियावान् स पण्डितः’, म्हणजे जो कृती करतो तोच पंडित.

हे शब्द महाभारताच्या वनपर्वात, यक्ष आणि युधिष्ठिर यांच्या संवादात येतात. यक्ष विचारतो, ब्राह्मण्य कशाने येते? कुळाने, वर्तनाने, पठणाने की ज्ञानाने? युधिष्ठिराचे उत्तर : वर्तनानेच. शिकणारे, शिकवणारे, शास्त्रांचा खल करणारे यांना तो सरळ मूर्ख म्हणतो आणि कृती करणाऱ्याला पंडित.

इथवर आपल्याला पटण्यासारखेच आहे. पण लगेच पुढचा श्लोक सांगतो की चारही वेद शिकलेला दुराचारी माणूस शूद्राहूनही खालचा. जन्माचा दाखला नाकारला, पण नीचपणा मोजायची फूटपट्टी मात्र शूद्रच! ब्रीद समजून घेताना हा शेजारचा श्लोकही वाचलाच पाहिजे, असे आमचे मत आहे.

हाच प्रश्न सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण तथागतांना विचारतात. तथागत गवत, झाडे, किडे, पक्षी यांच्यापासून सुरुवात करतात. त्यांच्यात जन्मजात वेगळ्या खुणा दिसतात, माणसामाणसांत तशा दिसत नाहीत. शेतकरी कम्माने शेतकरी होतो, कारागीर कम्माने कारागीर. धम्मपदात तर नुसती वचने पाठ करणाऱ्याला दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्या गुराख्याची उपमा दिली आहे. नालंदा महाविहाराच्या उत्खननात सापडलेल्या मातीच्या मुद्रांवर धम्मचक्र आणि दोन हरणे आहेत, ती सारनाथच्या पहिल्या उपदेशाची खूण. खाली नाव आहे ते भिक्खुसंघाचे, कुणा राजाचे नाही.

2014 साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा चालवणाऱ्या आणि 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करता करता गेलेल्या सावित्रीबाई त्या ग्रंथाच्या हिशेबाने शूद्र, आणि ब्रीदाच्या हिशेबाने पंडित. व्याकरण मात्र मागेच राहिले आहे. ब्रीदातील चारही शब्द पुल्लिंगी आहेत. त्यांच्यासाठी म्हणायचे तर ‘या क्रियावती सा पण्डिता’ असे होईल.