क्वीन टू: काळी बाजू आणि पाचगणीचा पियानो

आपल्या जळगाव-धुळ्याकडे 'बॅण्ड' म्हटलं की लग्नाची वरातच डोळ्यांसमोर येते. गिटार घेऊन बसलेल्या पोराला घरात हमखास ऐकावं लागतं, "हे काही आपलं नाही." आज हेच वाक्य जरा तपासून बघू. अल्बम आहे 'क्वीन टू', ८ मार्च १९७४ ला आलेला.

यातला गायक फ्रेडी मर्क्युरी. खरं नाव फारुख बुलसारा. पारशी घर, जन्म १९४६ चा, झांझिबारमधला. आडनाव मात्र बुलसारवरून, म्हणजे आजचं वलसाड. जळगावहून अमळनेर, नंदुरबार करत सुरतला जा, तिथून मुंबईच्या बाजूला तासाभरावर. आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होस्टेलला ठेवलं. पियानो तो तिथे शिकला. 'द हेक्टिक्स' हा पाच पोरांचा बॅण्डही तिथलाच. पुढे १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं.

आता अल्बम. रेकॉर्डच्या दोन बाजूंना त्यांनी नावं दिली, पांढरी आणि काळी. पांढरी बहुतेक ब्रायन मेची. काळीवरची सहाही गाणी फ्रेडीची. ऑगस्ट १९७३, लंडनचा ट्रायडंट स्टुडिओ. कॉम्प्युटर नाही. तिघांचेच आवाज टेपवर थरावर थर चढवायचे, की झाला कोरस!

'ओगर बॅटल' संपतं न संपतं तोच पुढचं गाणं सुरू. ते रिचर्ड डॅडच्या एका चित्रावर आहे, त्यात फ्रेडी हार्पसिकॉर्ड वाजवतो. मग 'नेव्हरमोर', पियानो आणि आवाज. मग साडेसहा मिनिटांचं 'मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन'. चाल बदलते, लय बदलते, गाणं मागे वळत नाही. १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची तयारी मला इथेच ऐकू येते. रात्रभर वही गायन ऐकणाऱ्या आपल्या खान्देशी आज्यांना साडेसहा मिनिटं म्हणजे काहीच नाही!

फ्रेडीला मी मराठी ठरवत नाहीये. पण त्या पियानोचे धडे आपल्याच सह्याद्रीत गिरवले गेले. त्यामुळे "हे आपलं नाही" म्हणणाऱ्याला एवढं तरी सांगा.

आणि हो, शफल बंद करा. 'ओगर बॅटल'पासून वीस मिनिटं हेडफोन काढू नका. भेटू पुढच्या भागात!