चार फुटांची तार आणि तेलाची गळती

#धागा

पाण्याने थंड होणारा संगणक घरी जुळवणारे हौशी लोक नळ्या कापण्याआधी कागदावर आराखडा काढतात. रेडिएटर कुठे बसेल, पंप टाकीच्या खाली येतो की नाही, गळती झालीच तर थेंब कशावर पडेल, हे सारे आधी ठरवावे लागते. जवळपास पन्नास वर्षांपूर्वी याच विवंचनेने एका नवख्या कंपनीचे पहिलेच यंत्र सुमारे सहा महिने अडवून धरले होते. त्या यंत्राचे नाव क्रे-१.

सेमूर क्रे याने १९७२ साली कंट्रोल डेटा ही कंपनी सोडली आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, चिपेवा फॉल्स या आपल्या जन्मगावी, स्वतःचा संसार थाटला. जुन्या कंपनीतला त्याचा अखेरचा प्रकल्प, ८६००, तडीस गेला नव्हता. त्यात भाग इतके दाटीवाटीने रचले होते की उष्णता आणि बिघाड यांपुढे सर्वांनीच हात टेकले. नव्या यंत्राचा विचार करताना हा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

आता मूळ अडचण पाहू. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण एक फूट जातो. तारेतला विद्युतसंकेत त्याहूनही कमी. (ग्रेस हॉपर व्याख्यानांत याच लांबीचे तारेचे तुकडे श्रोत्यांना वाटत असत.) क्रे-१ चा एक ठोका १२.५ नॅनोसेकंदांचा. तार लांबली की संकेत पुढच्या ठोक्याआधी पोहोचत नाही. म्हणून बंधन घातले गेले: यंत्रातली कोणतीही तार सुमारे चार फुटांपेक्षा लांब नसावी.

यंत्राला तो प्रसिद्ध अर्धवट वर्तुळाकार घाट मिळाला तो या बंधनामुळे. पाचरीच्या आकाराचे १२ स्तंभ २७० अंशांच्या कमानीत उभे केले, तारा आतल्या पोकळीकडे घेतल्या, आणि ज्या भागांना क्षणाचाही विलंब परवडणारा नव्हता ते आतल्या कडेला बसवले. तळाशी असलेल्या गादीच्या बैठकीत वीजपुरवठ्याची यंत्रणा दडवली होती. लोकांनी तिला जगातला सर्वांत महागडा सोफा म्हणून हसण्यावारी नेले. माझ्या मते त्या थट्टेने या रचनेवर थोडा अन्यायच केला, कारण तो घाट शोभेसाठी नव्हता.

पण तारा आखूड करायच्या म्हणजे भाग जवळ आणायचे, आणि भाग जवळ आणायचे म्हणजे उष्णताही एका जागी कोंडायची. यंत्राला सुमारे ११५ किलोवॅट वीज लागे. घरातले पन्नासहून अधिक गिझर एकाच वेळी चालू आहेत, आणि तेही माथ्यावर पाच फूटसुद्धा रुंद नसलेल्या मनोऱ्यात, अशी कल्पना करा. पंख्याची हवा तिथे काय करणार?

उपाय शोधण्याची जबाबदारी डीन राउश या अभियंत्याकडे होती. दोन सर्किट बोर्डांच्या मधे तांब्याचा जाड पत्रा घातला. चिपांची उष्णता पत्र्यातून कडेपर्यंत यायची, कडा ॲल्युमिनियमच्या उभ्या दांड्यांत बसवलेल्या, आणि दांड्यांच्या पोटात स्टेनलेस स्टीलच्या नळ्या. नळ्यांतून फ्रिऑन वाहायचा, घरच्या फ्रीजमध्ये वाहायचा तसाच. घरात सांगाड्यातूनच नळ काढावेत, तशी ही योजना.

गळती सुरू झाली ती इथेच. कॉम्प्रेसर चालता राहावा म्हणून फ्रिऑनमध्ये वंगणाचे तेल मिसळलेले असते. ते सांध्यांतून झिरपू लागले आणि बोर्डांवर त्याचा थर साचून शॉर्टसर्किट होऊ लागले. फ्रीजमधून असे तेल गळले तर फरशी पुसून भागते. इथे तेलाच्या वाटेवर शेकडो बोर्ड होते. नळ्या दुसरीकडे हलवणेही शक्य नव्हते, कारण बोर्ड ज्या दांड्यांवर तोलले होते त्यांच्याच पोटात त्या होत्या. आराखडा बदलायचा तर यंत्रच नव्याने मांडावे लागले असते. आणि कंपनीकडे विकायला दुसरे काहीच नव्हते. अखेर वेल्डिंगची नवी पद्धत वापरून सांधे पक्के केले गेले आणि १९७६ मध्ये पहिले यंत्र लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत पोहोचले.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. या यंत्रात ६० मैलांहून अधिक तार होती आणि ती हातांनी जोडलेली होती, बहुतेक स्त्रियांच्या हातांनी. संकेत नेमक्या क्षणी पोहोचावा म्हणून प्रत्येक तार ठरलेल्या लांबीचीच असावी लागे. क्रेचे नाव सर्वांना ठाऊक. त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

पुढे १९८५ च्या क्रे-२ मध्ये सर्वांत लांब तार १६ इंचांवर आली. बोर्ड एकावर एक असे आठ थरांत रचले. आता नळी घालायलाही जागा उरली नाही, म्हणून क्रेने सगळे यंत्रच फ्लोरिनर्ट या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवले. तो द्रव आपली उष्णता शेवटी थंड पाण्याला देई. एक बोर्ड बदलायचा तरी आधी टाकी रिकामी करावी लागे, ही या मांडणीची किंमत.

ही कहाणी आपल्यापर्यंतही येते. भारताला हवामानाच्या कामासाठी दिल्लीत क्रे एक्स-एमपी मिळाला, पण अमेरिकेच्या निर्बंधांची वेस ओलांडूनच. त्याच काळात, १९८८ साली, पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१ मध्ये तिथे ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यात एक महाकाय प्रोसेसर दाटीने रचण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक छोट्या प्रोसेसरांना एकत्र जुंपले होते. वेगासाठी सगळे काही चार फुटांत कोंबण्याची सक्ती तिथे नव्हती.

२०१८ मध्ये पुण्यातच, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत, ‘प्रत्यूष’ मॉन्सूनचे गणित मांडू लागला. तो क्रेचेच नाव लावणाऱ्या कंपनीचा एक्ससी-४० होता. या मालिकेच्या रचनेत हवा एका कपाटातून शेजारच्या कपाटात आडवी वाहते, आणि दोन कपाटांच्या मधे तिला थंड करणारी पाण्याची नळी असते.