घरून आंदोलन (अपंगांचे)

मोर्चा, धरणे किंवा घेराव यांच्या ठिकाणी न जाता अपंग व्यक्तीने राहत्या जागेवरून नोंदवलेला सार्वजनिक निषेध किंवा चालवलेला मागणीचा पाठपुरावा. निवेदन, माहिती अधिकाराचा अर्ज, कायद्याच्या मसुद्यावरील हरकत, न्यायालयाला पाठवलेला ई-मेल आणि समाजमाध्यमांवरील मोहीम ही त्याची नेहमीची साधने. घरातच केलेले उपोषण किंवा दारावर लावलेला काळा झेंडाही यात मोडतो.

आंबेगाव तालुक्यातील मंचरहून पाहिले की याची गरज लगेच ध्यानात येते. पुणे–नाशिक महामार्गावरचे हे बाजाराचे गाव. जुन्नर-आंबेगावची प्रांत कचेरी इथे आहे. पण तहसील कचेरी साधारण 15 किलोमीटरवर घोडेगावला आणि जिल्हाधिकारी साठेक किलोमीटरवर पुण्यात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे अडले, तर घोडेगाव गाठायचे. एसटीची पायरी उंच, आणि सोबत येणाऱ्या माणसाचा रोज बुडतो तो वेगळाच. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आहुपे खोऱ्यातल्या वाड्यांवरून पावसाळ्यात निघणेच अवघड. त्यामुळे अपंगांच्या नावाने निघालेल्या मोर्चात चालणारे बहुधा दुसरेच असतात, आणि मागण्यांच्या यादीत वर काय, खाली काय, हेही तेच ठरवतात.

मतासाठी मात्र हेच सरकार घरी येते. 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांना आणि 85 वर्षांवरील मतदारांना 2024 च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांत घरून मत देता आले. नमुना 12-डी मुदतीत भरून दिला की पथक दारी हजर : मतदान अधिकारी, पोलीस, चित्रीकरण करणारा. खाटेशेजारी आडोसा उभा करायचा, मतपत्रिका आतल्या पाकिटात, ते पाकीट आणि घोषणापत्र बाहेरच्या पाकिटात. मतदार भेटला नाही, तर पथकाने पुन्हा फेरी मारायची. गाऱ्हाणे ऐकायला असे पथक निघत नाही.

महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण उलट्या दिशेचे आहे. समाजसेवक बाबा आमटे (1914–2008) यांना मणक्याच्या विकारामुळे बसता येत नसे. उभे राहायचे नाहीतर आडवे पडायचे. 1985 च्या भारत जोडो यात्रेत ते कन्याकुमारीहून निघाले, तेही गाडीतल्या बिछान्यावरून. 1990 मध्ये आपला आनंदवन आश्रम सोडून ते नर्मदेकाठी कसरावदला, सरदार सरोवर धरणाच्या बुडिताच्या पट्ट्यात राहायला गेले आणि सुमारे दहा वर्षे तिथेच राहिले. धरणाविरोधी आंदोलनाच्या जागी ये-जा करण्याऐवजी बिऱ्हाडच तिथे हलवले. असे करणे अर्थात ज्याच्या मागे संस्था आणि माणसे उभी आहेत, त्यालाच परवडते.

2020 च्या टाळेबंदीत धडधाकट राजकीय पक्षांनाही अंगणातून निषेध करावा लागला. त्याच काळात केंद्र सरकारने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 यातील कलम 89, 92(अ) आणि 93 मधील गुन्हे तडजोडीने मिटवण्याजोगे करण्याचा प्रस्ताव आणला. अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे हा त्यांपैकीच एक गुन्हा. 1 जुलैला सूचना निघाली, हरकतींना 10 जुलैपर्यंत मुदत. देशभरच्या अपंग संघटनांनी घराघरांतून हरकतींचा मारा केला आणि प्रस्ताव त्याच महिन्यात मागे घेतला गेला. रस्त्यावर कोणी उतरू शकत नव्हते, तरी जमले. कारण हरकत स्वीकारणे सरकारला भागच होते.

2023 मध्ये मुंबईत याचे दुसरे रूप दिसले. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका नागरिकाने पदपथांवरील खांबांमुळे खुर्ची आत शिरत नसल्याचे ई-मेलने कळवले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यावरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आणि उद्वाहन नाही, हा स्वतःच्या लग्नातला अनुभव कार्यकर्त्या विराली मोदी यांनी समाजमाध्यमावर मांडला. उपमुख्यमंत्र्यांना त्याची दखल घ्यावी लागली. अमेरिकेत 21 जानेवारी 2017 च्या महिला मोर्चाला जाऊ न शकलेल्या अपंगांनी आंतरजालावर समांतर मोर्चा काढला होता. सहभागाची नोंद म्हणून तो मोलाचा. पण ज्याला उत्तर देणे बंधनकारक आहे अशा कोणाच्या टेबलावर तो जात नव्हता.

खेड्यातल्या माणसाला त्यामुळे जुनीच हत्यारे जास्त उपयोगी पडतात. माहिती अधिकाराचा अर्ज टपालाने जातो, दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर. 30 दिवसांत उत्तर न आल्यास अपील. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करायची असते, तिचा हिशेब अशा अर्जातून मागता येतो. 2016 च्या अधिनियमाखाली राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पुण्याला तक्रार पाठवता येते.

या मार्गावर टीका दोन अंगांनी होते. माणूस घरून बोलू शकतो म्हटल्यावर कचेरीला उतार बांधायची निकड उरत नाही, ही एक. दुसरी अधिक रोकडी : घरातला आवाज बाहेर नेणारी डिजिटल यंत्रणाच अनेक अपंगांना वापरता येत नाही. संकेतस्थळाने चित्रातली अक्षरे ओळखून लिहा म्हटले की अंध अर्जदार तिथेच अडतो. डिजिटल ओळख पडताळणीत कॅमेऱ्यासमोर पापण्या मिचकावायला सांगतात. डोळ्यांना इजा झालेल्या ॲसिडहल्लापीडितांना ते जमत नाही. त्यांच्या आणि एका दृष्टिहीन नागरिकाच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद 21 खालील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि पडताळणीच्या पद्धतीत बदल करण्याचे निर्देश दिले.